सांगेल तेवढंच लिहायचं

पेन नेमकं कुणाच्या हातात द्यायचं, इथूनच त्या रविवारी घोळ सुरू झाला.

दहावीच्या पोराला परीक्षेच्या आधीच्या रविवारी ‘ऑल द बेस्ट’ द्यायला नातेवाइकांनी यायचं, येताना पेन आणायचं, ‘अजिबात टेन्शन घेऊ नकोस’ असं प्रत्येकानं बजावून पोराला रीतसर टेन्शन द्यायचं आणि पोहे-चहा घेऊन निघायचं, ही खारघरच्या त्या सोसायटीतली रीत. पण निशांतचा अभिराम स्वतःच्या हातानं पेपर लिहिणारच नव्हता. अक्षरांशी त्याचं लहानपणापासून वाकडं. वाचताना ओळ सुटायची, लिहिताना शब्द अर्धे राहायचे, बोलायला मात्र पोरगा पक्का. म्हणून तो तोंडानं सांगणार आणि त्याची आतेबहीण ऋता लिहिणार, असं ठरलं होतं. सरकारी हॉस्पिटलचा दाखला होता, बोर्डाची परवानगी होती, ऋता नववीत म्हणजे त्याच्याहून एक इयत्ता खाली, त्यामुळे नियमातही बसत होती. शाळेत सगळे तिला अभिरामची ‘रायटर’ म्हणायचे.

अभिरामच्या आईचे, म्हणजे भाविकाचे वडील पंढरीनाना खाडीकाठच्या त्यांच्या गावातून आले ते पेनांचा भला मोठा डबा घेऊनच. डबा त्यांनी नातवाच्या हातात दिला. नातू हसला आणि त्यानं तो सरळ ऋताच्या मांडीवर ठेवला. यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. पण ऋताची आई मनाली, म्हणजे निशांतची धाकटी बहीण, तिच्या कपाळावर आठी पडली आणि भाविकानं ती बरोबर टिपली.

भाविकाला तसाही ती आल्यापासून संशय येत होता. मनाली खांद्यावरची पर्स काढत नव्हती. पोह्यांना नको म्हणाली, आणि भावाच्या घरी पोह्यांना नको म्हणणारी मनाली भाविकानं लग्न होऊन आल्यापासून बघितली नव्हती. शिवाय ऋता रविवारीच मुक्कामाला येणार, सकाळी करंजाड्याच्या घरून धावपळ नको, दोघं भावंडं इथूनच सेंटरला जातील, असं महिनाभर आधी ठरलेलं. आणि पोरगी आली होती हात हलवत. ना कपड्यांची पिशवी, ना टूथब्रश. भाविकानं चहा गाळता गाळता सहज विचारल्यासारखं विचारलं, ऋताचं सामान गाडीतच राहिलं का? मनाली म्हणाली, बघू. आता सामानाच्या बाबतीत ‘बघू’ काय असतं?

मनालीच्या बाजूनं बघायचं तर तिचंही सगळं चुकत होतं असं नाही. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. पोरीचं शिक्षण, पोरीची दुखणी, पोरीचं बरंवाईट, सगळं हिच्या एकटीच्या डोक्यावर. ऋता हुशार, म्हणून तिला नववीतच दहावीचा पोर्शन सुरू करणाऱ्या बॅचमध्ये घातलेलं. आणि त्याच बॅचच्या आयांच्या ग्रुपवर आठवड्यापूर्वी कुणीतरी मेसेज टाकला होता, की यंदा भरारी पथकं रायटरवाल्या मुलांच्या खोल्यांवर डोळा ठेवून आहेत, रायटरला उभं करून प्रश्न विचारतात, आणि रायटरला उत्तरं आली की दोघांवर केस. खरं-खोटं देव जाणे. पण मनाली त्या दिवसापासून झोपली नव्हती. तिच्या लेकीला तर सगळीच उत्तरं येत होती. उद्या कुणी म्हणालं की ही पोर स्वतःच्या डोक्यानं भावाचे पेपर लिहिते, तर पुढच्या वर्षी तिच्या दहावीचं काय व्हायचं?

आणि मनालीच्या मनात याहूनही वाईट एक गोष्ट होती, जी तिनं ग्रुपवर नाही, फक्त वडिलांना फोनवर सांगितली होती. तिला स्वतःलाच तसं वाटत होतं.

मनालीचे वडील म्हणजे आप्पा, श्यामसुंदर मास्तर. बायको अरुणाबाई गेल्यापासून आप्पा निशांतकडे, याच फ्लॅटमध्ये राहत होते, आणि त्यांचा स्वभाव काय आता नव्यानं सांगायचा? हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, बोर्डाच्या परीक्षेचे केंद्रसंचालक राहिलेले. त्यांच्या केंद्रावर कॉपी व्हायची नाही. पोरांच्या मोज्यांतून, केसांच्या रिबिनीतून, डब्यातल्या पोळीच्या घडीतून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या होत्या. माणूस खोटं बोलतोय का हे आपल्याला त्याच्या मानेवरून कळतं, असं ते अजून म्हणायचे. अशा माणसाच्या नातवाला सहामाहीत, स्वतः लिहिताना, चाळीस टक्के पडले आणि प्रिलिमला ऋता लिहायला बसल्यावर एक्क्याऐंशी. घरात पेढे वाटले गेले. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ भाविकाच्या अजून कानात होतं.

त्यात दाखल्याबद्दलही आप्पांच्या मनात किंतू होताच. त्यांच्या मते व्याह्यांचं कुठलंच काम रांगेत उभं राहून झालेलं नव्हतं. गावच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले तसे पंढरीनाना बिल्डर लोकांत बसू-उठू लागले, कुठल्याही ऑफिसात त्यांच्या ओळखीचा माणूस निघायचा. मग नातवाला हुशारी कमी पडली तेव्हा दाखला कुठून आला असेल, हे आप्पांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. तोंडानं मात्र व्याह्यांना ‘या, बसा, उन्हाचं कशाला आलात’ असं गोडच.

चहा झाला. अभिराम आणि ऋता आतल्या खोलीत गेले. मनालीनं दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पर्स घट्ट धरून म्हणाली,

“दादा, वहिनी, राग मानू नका. ऋता उद्या नाही येणार.”

निशांत ए.सी.चा रिमोट शोधत होता, तो शोधतच राहिला. भाविकाला वाटलं होतं तेच झालं, पण वाटणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. परवानगीत ऋताचं नाव, ऋताचा फोटो, ऋताच्या शाळेचं पत्र. उद्या सकाळी मराठीचा पेपर. रविवारी दुपारी बोर्डाच्या ऑफिसात कुत्रं नसतं. रायटर नाही म्हणजे अभिरामनं स्वतः लिहायचं, आणि स्वतः लिहायचं म्हणजे सहामाही झाली तसंच. त्या वेळी पेपरवरून घरी आल्यावर पोरगा बाथरूमचं दार लावून नळ सोडून बसला होता. नळाचा आवाज कशासाठी होता हे आईला सांगावं लागलं नव्हतं.

भाविकानं हे सगळं बोलून दाखवलं, आणि चांगलं खणखणीत बोलून दाखवलं. आदल्या दिवशी पाठीत वार करायचा होता तर महिनाभर हो हो कशाला केलं, असंही म्हणाली. मनालीनं भरारी पथकाचं सांगितलं, केसचं सांगितलं, नवरा इथं नाही हे सांगितलं. निशांतनं दोघींनाही ‘तुझंही बरोबर आहे’ असं सांगून दोघींनाही चिडवलं.

“घाबरतेस कशाला?” भाविका म्हणाली. “तिनं काही चुकीचं केलंच नाहीये तर कोण काय करणार?”

मनालीनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी चष्मा पुसायला घेतला. भाविकानं हे नजरांचं येणं-जाणं बघितलं आणि तिला सगळं एकदम कळलं. म्हणजे बाप-लेकीचं आधीच बोलणं झालेलं होतं.

“आप्पा,” ती म्हणाली, “तुम्हालाही तसंच वाटतं का?”

आप्पा म्हणाले की त्यांना काही वाटण्याचा प्रश्न नाही. ते फक्त आकडे बघतात. चाळीसवरून एक्क्याऐंशीवर गेलेला विद्यार्थी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. आणि दाखले हल्ली कसे मिळतात हेही ते जाणून आहेत. हे शेवटचं वाक्य त्यांनी पंख्याकडे बघून म्हटलं, पण लागायचं तिथं लागलं. पंढरीनानांनी बशी खाली ठेवली.

आता इथं पंढरीनाना गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण लेकीचे डोळे भरलेले बघून त्यांना राहवेना. “कशाला येवरा ताप करून घेता?” ते म्हणाले. “मनालीताईंना नको तं नको. आमच्या गावान नववीची पोरां ढीगभर हायत. मी उद्या एक हुशार पोर हुबी करतो. शालेत सायेबांना फोन लावतो आताच, नंबर हाय माझ्याकरं.” आणि त्यांनी खरंच खिशातून मोबाइल काढला.

आप्पांनी निशांतकडे अशा नजरेनं बघितलं की बघ, मी काय म्हणत होतो. मनालीनंही मान हलवली. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त भडकली ती भाविका. “बाबा, तुमी तो फोन ठेवा आधी,” ती ओरडलीच. तिनं लेकाला घेऊन त्या हॉस्पिटलच्या बाकड्यांवर दिवसच्या दिवस काढले होते. कधी डॉक्टर रजेवर, कधी मशीन बंद, कधी ‘पुढच्या बुधवारी या’. पोराला ठोकळे जुळवायला लावले, ओळी वाचायला लावल्या, तो रडला, ही रडली. वडिलांना मुद्दामच तिनं त्यातलं काही कळू दिलं नव्हतं, कारण ते असा फोन काढतील हे तिला माहीत होतं. आणि आज नेमका सासऱ्यासमोर त्यांनी तो काढला. आप्पा बरोबर बोलत होते असं वाटायला लावणारं दुसरं काही करायचं शिल्लक नव्हतं. तिनं वडिलांना स्पष्ट सांगितलं की आप्पांना हवं तसं, जे व्हायचं ते रांगेतच, नाहीतर नाही. सून अशी अचानक आपल्या बाजूला आलेली बघून आप्पाच जरा गोंधळले.

पंढरीनानांना वाईट वाटलं. ते पुटपुटले की मना काय, मी चांगल्यासाठीच बोललो. मग मोबाइल खिशात ठेवून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“एक उपाय आहे,” आप्पा म्हणाले. “आपल्यासमोर होऊन जाऊ दे. मी प्रश्न काढतो. अभिरामनं सांगायचं, ऋतानं लिहायचं. दूध का दूध, पानी का पानी.”

भाविकानं साफ नकार दिला. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी पालकांना बोलावून सांगितलं होतं, आदल्या दिवशी नवीन काही काढू नका, घरातलं वातावरण हलकं ठेवा. ही काय हलकं ठेवायची तऱ्हा? निशांत म्हणाला, एकदाचं होऊनच जाऊ दे, नाहीतर हे आयुष्यभर चालेल. नवरा कधी नव्हे ते एका बाजूला उभा राहिला आणि तोही नेमका चुकीच्या, असं भाविकाच्या मनात आलं.

“आजोबा, घ्या टेस्ट,” दारातून आवाज आला.

अभिराम उभा होता. त्याच्यामागे ऋता. त्या फ्लॅटच्या भिंतींतून शेजारच्यांच्या फोडणीचा आवाज येतो, तिथं आतल्या खोलीत हे सगळं ऐकू गेलं नसेल असं धरून चालणारी मोठी माणसंच मूर्ख. पोराच्या कानात इअरफोन लोंबत होता. आप्पांना त्याचाही राग होताच. वर्षभर बघावं तेव्हा पोरगा कानात ते खुपसून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचा, आणि अभ्यास चाललाय म्हणून सांगायचा. आप्पांना वाटायचं, गाणी.

आतल्या खोलीतलं टेबल रिकामं केलं. ऋता खुर्चीत बसली, अभिराम पलंगाच्या कडेवर. आप्पा पुस्तक घेऊन खिडकीशी. उरलेल्यांना भिंतीला लागून उभं केलं. आप्पांचा आवाज आपोआप जुना, हेडमास्तरचा झाला. कुणीही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, ओठ हलवायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं. मनाली लेकीच्या खुर्चीमागेच उभी राहिली. लेकीची मान हलते का, हात थांबतो का, हे तिला जवळून बघायचं होतं.

ऋताच्या पोटात दुखायला लागलं होतं. तिला हे नवीन नव्हतं. प्रिलिमच्या प्रत्येक पेपरला दुखलं होतं, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर आईनं डॉक्टर गाठला असता, मामीला सांगितलं असतं तर मामी रडली असती. तिनं टोपण काढलं आणि कागदावर समास आखला.

आप्पांनी भूगोल काढला. ब्राझील. अ‍ॅमेझॉन नदीची माहिती लिहा.

अभिरामनं डोळे मिटले. मग तो बोलायला लागला, सावकाश, एकेक वाक्य पुरतं करून. अ‍ॅमेझॉन ही पाण्याच्या हिशोबानं जगातली सर्वांत मोठी नदी. पेरू देशात अँडीज पर्वतात तिचा उगम होतो. तिचं खोरं खूप मोठं आहे आणि तिथं घनदाट वर्षावनं आहेत. ऋता लिहीत होती. तो थांबला की तीही थांबायची.

“आणि ही नदी पॅसिफिक महासागराला मिळते,” अभिराम म्हणाला.

ऋताच्या पेनानं ‘पॅसिफिक’ लिहिलं. ‘महासागराला’ लिहिलं.

“अगं, अटलांटिक,” मनाली म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे वळले. मनालीनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. लेकीचा आख्खा पोर्शन तिनं पाठ करून घेतला होता, ती तरी काय करणार? समोर चुकीचं लिहिलं जातंय आणि ते आपल्या लेकीच्या अक्षरात. तिला राहवलंच नाही.

आप्पा गरजले नाहीत. त्यांनी फक्त चष्म्यावरून लेकीकडे बघितलं.

मनाली वाकली. तिला आता आप्पांशी, वहिनीशी, कुणाशीच घेणंदेणं नव्हतं. “ऋता,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुला माहीत होतं ना अटलांटिक?”

“हो.”

“मग लिहिलंस का?”

“तो पॅसिफिक म्हणाला.”

एवढं बोलून ऋता पुन्हा कागदाकडे बघायला लागली. मग खाली बघतच म्हणाली की प्रिलिमलाही असंच व्हायचं. कधी तो चुकायचा आणि तिला बरोबर माहीत असायचं. तेव्हा पोटात दुखतं. पण शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, सांगेल तेवढंच लिहायचं, तर ती तेवढंच लिहिते. “तो चुकला की मला रडू येतं, आई. पण मी पूर्ण करते.”

मनाली खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिला लाज वाटली, चांगलीच वाटली. आठवडाभर ती आपल्या पोरीला चोर ठरवून तिच्या वहीत, दप्तरात, तिच्या झोपेत पुरावे शोधत होती, आणि पोरीचं पोट दुखतंय हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं ऋताच्या डोक्यावर हात ठेवला. ऋतानं मान जरा बाजूला केली, कारण तिला लिहायचं होतं.

“वहिनी,” मनाली म्हणाली, “हिला तुझाच एखादा ड्रेस दे रात्रीपुरता. सकाळी मी लवकर येते. सेंटरवर मीही थांबेन.”

भाविकानं मान हलवली. तिला माफ करायची अजून घाई नव्हती, पण पोरगी राहतेय एवढं पुरे होतं. पंढरीनाना भिंतीपासून म्हणाले, झालं बरं काम, चला. पण आप्पांचं झालेलं नव्हतं. एका प्रश्नावर निकाल लावायचा नाही, असं म्हणत त्यांनी पान उलटलं. खरं तर मघाच्या चुकीनं त्यांच्या मनातला संशय उलटा फिरला होता. पोरगी स्वतःच्या मनाचं लिहीत नाही, मान्य. मग हा एवढ्या चुका करणारा मुलगा एक्क्याऐंशीपर्यंत पोचला कसा?

“ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी पडतो. कारण सांगा.”

हे अभिरामला येत होतं. ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. समुद्राकडून वारे येतात, तो म्हणाला. किनाऱ्याजवळ उंच कडा आहे, त्याला ते अडतात. अडल्यामुळे पाऊस समुद्राच्या बाजूलाच पडून जातो. कड्याच्या पाठीमागे पोचेपर्यंत वाऱ्यात पाणीच उरत नाही. म्हणून मागचा भाग कोरडा राहतो. अशा भागाला...

इथं तो अडला. कपाळ आक्रसलं. “अशा भागाला...” तो पुन्हा म्हणाला. मग आईकडे बघून हळूच म्हणाला, “आई, इथं शिटी आहे.”

आप्पांनी विचारलं, कसली शिटी? भाविकानं पदर नसताना पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. मग सांगावंच लागलं. पोराला वाचता येत नाही तर त्यानं ऐकून करावं, म्हणून तिनं सगळी पुस्तकं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड केली होती. वेळ मिळेल तशी, बरीचशी स्वयंपाक करता करता. भूगोलाच्या त्या धड्याला नेमकी कुकरची शिटी झाली होती आणि एक शब्द शिटीखाली गेला होता. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणता म्हणता राहून गेलं. पोरगा वर्षभर तेच ऐकत हॉलमध्ये फिरत होता, शिटीसकट.

म्हणजे कानात गाणी नव्हती. आप्पांनी इअरफोनकडे बघितलं. मग नातवाकडे. पोरगा अजून शोधत होता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. एवढं समजून सांगितलेलं उत्तर, आणि एका शब्दापायी अर्धा मार्क जाणार. आयुष्यभर वर्गात उभं राहून ज्याला उत्तर येतंय त्याच्या तोंडात शेवटचा शब्द घालायची त्यांना सवय. ती सवय परीक्षेच्या खोलीबाहेर ठेवायला ते इतकी वर्षं विसरले नव्हते. आज विसरले.

“पर्जन्य...” आप्पा म्हणाले. “पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात रे, बाळा.”

ऋतानं पेन उचललंच नाही. ती अभिरामकडे बघत राहिली. अभिराम म्हणाला,

“लिहू नकोस. ते आजोबांनी सांगितलं.”

आप्पांच्या मानेवरून कुणाला काही कळलं असतं तर त्या क्षणी सगळ्यांना कळलं असतं. ते पुस्तक मिटून उगाच त्याचं कव्हर झटकत राहिले. निशांतला हसू फुटत होतं, त्यानं बायकोकडे बघून ते गिळलं. पंढरीनाना मात्र मोकळेपणानं म्हणाले की सर, तुमी पन आमच्यातलेच निघालात. आप्पांना तेही मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागलं.

मग ते उठले. नातवाजवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना आत कुठंतरी फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की आप्पा मास्तरांसारखं बोलायचे, दुसरं त्यांना जमायचं नाही. ते म्हणाले की आपलं समाधान झालं. दाखल्याबद्दलही आता काही म्हणणं नाही. उद्या शांतपणे सांग, घाई करू नकोस, मार्कांचं टेन्शन तर मुळीच घेऊ नकोस.

अभिराम खांद्यावरच्या हाताकडे बघत होता. रागावलेला दिसत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

“आजोबा, किती पडले तर तुम्हाला खरे वाटतील?”

“असं काय विचारतोस?”

“म्हणजे मला कळू दे. चाळीस पडले तेव्हा तुम्ही म्हणालात अभ्यास करत नाही. एक्क्याऐंशी पडले तेव्हा तुम्हाला वाटलं ऋताचे आहेत. मधला कुठला आकडा चालेल?”

भाविका पुढे झाली, निशांतनं तिचा हात धरला. आप्पांनी हसायचा प्रयत्न केला.

“जितके पडतील तितके, बाळा. तितकेच खरे.”

“तितके प्रिलिमला पडलेच होते, आजोबा.”

आप्पा उत्तर द्यायला म्हणून तोंड उघडून उभे राहिले. उत्तर आलं नाही, आणि या वेळी त्या खोलीतल्या कुणीही ते सांगितलं नाही.